सात नव्या पैशांचा पेपर

रविवारी रद्दी काढत बसलो होतो. आमच्या सोसायटीत रद्दीवाला महिन्याच्या शेवटी येतो आणि त्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, म्हणून मी आधी घरी स्प्रिंगच्या काट्याला गठ्ठा लटकवून वजन बघून ठेवतो (शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करू नका). तर सुतळी बांधता बांधता मार्चमधल्या एका पेपरचं आतलं पान वर आलं. त्यावर तळाशी, 'तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की' आणि एका पतसंस्थेच्या लिलावाच्या मधे, भिंग घेऊन वाचावी लागेल अशा टायपात एक चौकट होती. फॉर्म नंबर ४, नियम ८ पाहा. प्रकाशनाचं ठिकाण, मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, संपादकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता, आणि सगळ्यात खाली मालक कोण आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा कोणाकोणाकडे आहे त्यांची नावं. शेवटी प्रकाशकाची सही, की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

चाळीस वर्षं पेपर वाचतोय, कॉलेजात असताना दोन वर्षं पेपरची लाइन टाकलीये, म्हणजे पहाटे घरोघरी पेपर टाकलेत, आणि ही चौकट मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. १९५६ च्या नियमांनी घातलेली सक्ती ती, दर वर्षी फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात हे छापायचं. म्हणजे पेपर कोणाचा आहे हे पेपरच आपल्याला वर्षातून एकदा सांगत आलाय, फक्त अशा जागी की आपली नजर जाणार नाही, आणि आपणही कधी विचारलं नाही.

आपल्याकडे संपादकांच्या आठवणी निघतात, अग्रलेख पाठ असलेली माणसं मी पाहिलीयेत, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय' हे शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. प्रकाशक म्हटलं की मात्र शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीतलं एक नाव, 'यांनी अमुक प्रेसमध्ये छापून तमुक पेठेत प्रसिद्ध केले'. ती ओळही कोणी हौसेने घातलेली नाही, इंग्रजांच्या १८६७ च्या प्रेस कायद्याने घालायला लावली, कारण त्यांना पकडायला माणूस हवा होता. आता २०२३ चा नवा कायदा आलाय, १ मार्च २०२४ पासून लागू झालाय, जुना गेला. पण कल्पना तीच, की काही गडबड झाली तर कोणाच्या दारात जायचं.

मला वाटतं की पेपर बिघडला म्हणून आपण जी बोंब मारतो ती चुकीच्या दारात मारतो. संपादकाला शिव्या, रिपोर्टरला शिव्या, 'पत्रकारिता संपली' वगैरे. पेपर कोणाच्या पैशावर उभा आहे हा प्रश्न प्रकाशकाचा आहे, आणि त्या पैशात आपला वाटा किती हा प्रश्न आपला. पुण्याला तर हे बाकी सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण या गावात दोन्ही प्रकारचे पेपर होऊन गेले, कर्जात बुडणारे आणि हिशोबाने चालणारे.

बुडणाऱ्यांपासून सुरू करतो. १ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात दीनबंधू काढला. भालेकर भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे, सत्यशोधक. शेतकऱ्याची, कष्टकऱ्याची बाजू मांडणारा पेपर, आणि ज्यांच्यासाठी तो काढला त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, ज्यांना येत होतं ते घ्यायचे नाहीत. तीनेक वर्षांत पैशाचा मेळ बसेना, आणि १८८० मध्ये पेपर नारायण मेघाजी लोखंड्यांकडे मुंबईला गेला, तिथे तो जगला. पुण्यात किती जणांना भालेकर हे नाव माहितीये? दुसरीकडे १८८१ चा केसरी. टाइपाच्या पेट्या टिळक-आगरकरांनी स्वतः वाहून आणल्या ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, पण १८९१ च्या सुमारास केसरी आणि मराठा कर्जासकट टिळकांच्या अंगावर आले ही गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही. कर्जाची गोष्ट रंगवून सांगता येत नाही, हीच प्रकाशकाची अडचण आहे.

आणि प्रकाशकाची सत्ता काय असते हेही याच गावात दिसलं. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचा मूकनायक निघाला तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, केसरीने छापली नाही. म्हणजे अग्रलेख लिहिण्याइतकीच, कदाचित जास्त, ताकद 'हे आमच्याकडे येणार नाही' असं म्हणण्यात असते. वारसा म्हणायचा तर हाही त्यातच धरा, नुसता मंडाले नको.

आता हिशोबाने चालणारा माणूस. नारायण भिकाजी परुळेकर, सगळ्यांचे नानासाहेब. जन्म २० सप्टेंबर १८९७ चा. त्याच्या सहाच दिवस आधी, १४ सप्टेंबरला, टिळकांना पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली होती. पत्रिका बघणाऱ्यांनी काय अर्थ काढायचा तो काढावा, मला आपली तारखा जुळवायची खोड आहे. तर हा माणूस अमेरिकेला गेला, कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. केली, तिथले पेपर कसे चालतात ते बघितलं, आणि १ जानेवारी १९३२ ला पुण्यात सकाळ सुरू केला. नशीब म्हणा, चार दिवस होत नाहीत तोच, ४ जानेवारीला गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि आणलं कुठे, तर येरवड्याला. त्याच सप्टेंबरात येरवडा तुरुंगातलं उपोषण आणि पुणे करार. उपोषण सुरू झालं २० सप्टेंबरला, म्हणजे नानासाहेबांच्या पस्तिसाव्या वाढदिवशी. नव्या पेपरवाल्याच्या गावात आख्ख्या देशाची बातमी चालत आली होती.

पण नुसत्या नशिबावर पेपर चालत नाही, एवढ्या बातमीवर तर गावातला कोणताही पेपर चालला असता. नानासाहेबांनी केलं ते वेगळंच. तोवर पुण्यातला पेपर म्हणजे मतपत्र, म्हणजे एक मोठा माणूस काय म्हणतो ते वाचायला तुम्ही पैसे देता. यांनी म्हटलं वाचकाला आज काय झालं ते सांगा, सोप्या मराठीत सांगा, नळाला पाणी कधी येणार, मंडईत भाव काय, तालुक्याला पाऊस झाला का, गावोगावी बातमीदार नेमा. आज हे इतकं साधं वाटतं की यात विशेष काय असं कोणीही म्हणेल. १८४९ पासून चालत आलेला ज्ञानप्रकाश तेव्हा गावात होता, शंभर वर्षं चालला आणि बंद पडला. केसरी होता. आणि त्यांच्या शेजारी उभं राहून, मला तुमचं मत नकोय तुमची बातमी हवीये असं म्हणणाऱ्या वाचकावर पैसे लावायचे, ही प्रकाशकाची छाती आहे, संपादकाची नव्हे. आमचे आजोबा केसरीवाले, त्यांनी शेवटपर्यंत सकाळला 'ते बातम्यांचं पत्रक' म्हटलं. घरात यायचा मात्र तोच, कारण आजीला मंडईचे भाव लागायचे.

आता जी गोष्ट सांगतोय ती लॉ कॉलेजच्या पोरांना माहिती असते आणि बाकीच्या पुण्याला नसते. त्यांना घटनेच्या अभ्यासात 'सकाळ पेपर्स' म्हणून केस शिकवतात. झालं असं की १९५६ मध्ये केंद्र सरकारने कायदा केला, पेपरची किंमत आणि पानं यांचं गणित सरकार ठरवणार, आणि १९६० मध्ये त्याची ऑर्डर काढली. इतकी किंमत घेत असाल तर इतकीच पानं, पुरवण्यांवर बंधन, जाहिरातींना किती जागा त्यावरही हात ठेवायची सोय. सरकारचं म्हणणं काय, तर मोठे पेपर स्वस्तात भरपूर पानं देतात, त्यांच्यापुढे लहान पेपर मरतात, म्हणून आम्ही सगळ्यांना एका मापात आणतो. ऐकायला वाईट नाहीये बरं का.

सकाळ तेव्हा रोजचे ५२ हजार खपायचा, किंमत ७ नवे पैसे (रुपयाचे शंभर होतात ते). आठवड्यातले पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांची मिळून ३४, आणि रविवारचा दहा पानांचा अंक वेगळा, १२ पैशांना. साधारण ४० टक्के जागा जाहिरातींना, बाकी मजकूर. नव्या ऑर्डरीप्रमाणे एकतर किंमत ७ ची ८ करायची नाहीतर ३४ पानांची २४ करायची. एक नवा पैसा! आज एक पैसा म्हटला तर भिकारीसुद्धा हसेल, पण त्या एका पैशावर ही कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, कंपनीच्या अर्जाबरोबर दोन वाचकांनीही आपले वेगळे अर्ज लावले होते. वाचक! आमचा पेपर किती पानांचा असावा हे दिल्लीने ठरवायचं नाही म्हणून. हल्ली आपण पेपरच्या पानांसाठी सोसायटीच्या कमिटीपुढे तरी उभे राहू का.

निकाल आला २५ सप्टेंबर १९६१ ला. त्या वर्षीचं पुणं आठवा किंवा घरच्यांकडून ऐकलं असेल ते आठवा, १२ जुलैला पानशेत फुटलं होतं, नदीकाठच्या पेठांतला गाळ अजून निघत होता. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलं. मुद्दा असा मांडला की किंमत वाढवायला लावली तर खप कमी होणार, पानं कमी करायला लावली तर मजकूर कमी होणार, जाहिराती कापल्या तरी शेवटी किंमतच वाढणार, म्हणजे कुठूनही आलात तरी मार बसतो तो कलम १९(१)(क) ला, बोलण्याच्या स्वातंत्र्याला. धंद्यावर जनहितासाठी बंधन घालता येतं, बोलण्यावर नाही, त्याची कारणं घटनेत वेगळी आणि मोजकी दिलीयेत, आणि 'जनहित' हे त्यात नाहीये. लहान पेपरांच्या स्वातंत्र्यासाठी मोठ्या पेपरांचं कापायचं हे चालणार नाही. कायदा पडला.

कोर्ट बरोबरच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरकारच्या हातात पानं मोजायची पट्टी दिली असती तर पुढे आणीबाणीत त्या पट्टीचं काय केलं असतं ते सांगायला नको. पण मान्य करायला जड जाणारी गोष्ट ही की सरकारची भीतीसुद्धा खोटी नव्हती, उपाय वाईट होता. त्या निकालाचा अर्थ असाही झाला की जाहिरातीच्या पैशावर पेपर हवा तेवढा स्वस्त करायला कोणाची आडकाठी नाही. १९६१ मध्ये ४० टक्के जाहिराती आणि ७ पैसे असा तोल होता, वाचकाच्या पैशाला वजन होतं, एका पैशाने खप हलेल ही भीती खरी होती. आणि नव्वदनंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. 'स्वागतमूल्य' आलं, म्हणजे गिऱ्हाईक ओढायला मुद्दाम पाडलेली किंमत. रोज कूपन कापून पुस्तिकेत चिकटवायची स्कीम आली, आमच्या घरी माझी बहीण गोंदाच्या बाटलीसकट तयार असायची, एक कूपन चुकलं म्हणून शेजाऱ्यांच्या पेपरला कात्री लावण्यापर्यंत मजल गेली होती, बदल्यात मिळालेलं घड्याळ आठ महिने चाललं. पेपर घेण्याचं कारण घड्याळ झालं की आत काय छापलंय याने काय फरक पडतो?

आजचा हिशोब बघा. माझ्या घरचा महिन्याचा गठ्ठा भरला साडेचार किलो, रद्दीवाल्याने १४ चा भाव दिला, ६३ रुपये आले. पेपरचं बिल महिन्याला दीडशेच्या आसपास. म्हणजे निव्वळ खर्च ८७ रुपये, दिवसाला तीन रुपये सुद्धा नाही. अमृततुल्यला त्यात अर्धा चहा येत नाही. त्या पैशात कागद आला, शाई आली, रात्री दोनला सुटणारा टेम्पो आला, एजंटचं आणि पेपरवाल्याचं कमिशन आलं, आणि आपण म्हणतो त्यातच मनपाच्या टेंडरची भानगड चार महिने खणून काढणाऱ्या रिपोर्टरचा पगारही यावा. कसा येईल हो? तो पगार दुसराच कोणीतरी देतोय, आणि जो देतो त्याच्याबद्दल बातमी येत नाही. साधं आहे.

याचा स्वतःचा अनुभव सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीचं बिल्डरशी भांडण चाललं होतं, कन्व्हेयन्स देईना, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देईना, पार्किंगची जागा परस्पर विकली होती. एका पेपरचा रिपोर्टर आला, चांगला पोरगा, कागद बघितले, गच्चीवर आम्हा बारा जणांना उभं करून फोटो काढला, बायकांनी त्या फोटोसाठी साड्या बदलल्या होत्या. रविवारी येईल म्हणाला. रविवारी त्याच पेपरला त्याच बिल्डरची पहिल्या पानाला गुंडाळलेली जाहिरात आली, पान उलटल्याशिवाय पेपरचं नावच दिसत नव्हतं. आमची बातमी कुठेच नव्हती. मी पोराला फोन केला तर म्हणाला, 'काका, मी दिली होती, वरून थांबली.' मी त्याला दोष दिला नाही तेव्हाही, आताही देत नाही. पण हे 'वरून' म्हणजे कुठून, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. उत्तर त्या फॉर्म ४ च्या चौकटीत होतं.

यावर लोक दोन गोष्टी म्हणतात. पहिली, मालकच चांगला पाहिजे, नानासाहेबांसारखा. हे म्हणणाऱ्यांनी पुढे काय झालं ते बघावं. नानासाहेब ८ जानेवारी १९७३ ला गेले. मागे कन्या लीलाताई, आई फ्रेंच, जनावरांसाठी आयुष्य घालवलेली बाई, पेपरचंही काम त्यांनी बघितलं. ऐंशीच्या दशकात कंपनीचा ताबा पवार कुटुंबाकडे गेला, लीलाताई कोर्टात गेल्या, आणि ते प्रकरण शेअर कोणाचे, ते कोणाला आधी विचारून विकायला हवे होते, अशा मुद्द्यांवर चालत चालत २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत पोचलं. त्यात कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचं नाही, दोन्ही बाजूंची माणसं या गावात आहेत आणि दोघांशी माझं बरं आहे. मला दिसतं ते इतकंच की १९६१ मध्ये हीच कंपनी त्याच कोर्टात बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी उभी होती आणि नंतरचं भांडण शेअर ट्रान्सफरच्या कलमांवर होतं. मराठीत 'वारसा' या एकाच शब्दात दोन्ही बसतात, भाषणात वेगळा आणि सातबाऱ्यावर वेगळा. कायद्याला दुसराच कळतो. माणूस कितीही मोठा असला तरी पेपर मागे राहतो तो शेअर सर्टिफिकेटांच्या रूपात, आणि शेअर विकले जातात, त्यात पाप काही नाही. फक्त वाचकाने असं समजू नये की आपण तीन पिढ्या हा पेपर घेतोय म्हणजे तो आपला आहे. सात पैसे दिले होते, सात पैशांचा अंक मिळाला, व्यवहार संपला.

दुसरं म्हणणं, मग पेपर ट्रस्टचा करा. केसरी ट्रस्टचाच आहे, गायकवाडवाड्यात अजूनही निघतो, कोणी विकत घेऊ शकलं नाही. त्याबद्दल आदर आहे. पण या लेखाच्या वाचकांपैकी किती जणांच्या घरी तो येतो, खरं सांगा. ट्रस्टने मालकी टिकते, वाचक टिकत नाही. मालक बदलू न देणं हे अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं आपलं होतं.

आणि हो, 'हल्ली पेपर वाचतो कोण, सगळं मोबाईलवर आहे' हे तिसरं. असू दे ना मोबाईलवर. पण मोबाईलवर तरी पैसे कोण देतो? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक गृहस्थ रोज पहाटे पावणेसहाला चार पेपरांच्या पीडीएफ टाकतात, न चुकता, गणपतीतसुद्धा. खाली वीस हात जोडलेले. निवृत्त बँक ऑफिसर, कोणाचे पाच पैसे बुडवणार नाही असा माणूस, आणि रोज चार प्रकाशकांचा माल फुकट वाटतोय हे त्यांच्या ध्यानीमनी नाही. मी हे एकदा ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं, 'पेपर विकलेलेच आहेत, त्यांचं कसलं नुकसान.' म्हणजे विकलेले आहेत म्हणून आम्ही पैसे देणार नाही आणि आम्ही पैसे देत नाही म्हणून ते विकले जातात. हे असं गोल गोल चालू आहे. मीही ती पीडीएफ उघडतो, प्रवासात असलो की. लपवत नाही.

माझी मागणी फार मोठी नाहीये. एक, मालकीची ती चौकट पहिल्या पानावर आणा, वाचता येईल अशा टायपात, आणि त्यात मालकाचे बाकीचे धंदेही लिहा, साखर कारखाना, शिक्षणसंस्था, बांधकाम, काय असेल ते. त्याने कोणाचं बोलणं बंद होत नाही, १९६१ च्या निकालाला कुठे धक्का लागत नाही, सरकार पानं मोजत नाही, फक्त वाचकाला कळतं की 'वरून' म्हणजे कुठून. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याकडे एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या पेपरांत बातमी म्हणून छापून आला होता, पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द तेव्हा घराघरात पोचला, प्रेस कौन्सिलने समिती नेमली, अहवाल आला, पुढे सगळं थंड. समित्यांपेक्षा चौकट स्वस्त आहे. दोन, पेपर दहा-बारा रुपये करा, आणि आपण तो दहा-बारा रुपयांना घ्या, कुरकुर न करता. खप कमी होईल, होऊ दे, १९६१ मध्ये खप हाच मुद्दा होता कारण तेव्हा खपातूनही पैसा यायचा. आता खप जाहिरातदाराला दाखवायचा आकडा झालाय. ज्याला फक्त भविष्य आणि शब्दकोडं हवंय तो जाईल. लहान पेपरांचं काय, असं कोणी विचारेल, तर त्यातले बरेच आजच जाहीर नोटिशी आणि सरकारी जाहिरातींवर चाललेत, काही तर फाइलला लावण्यापुरते छापले जातात, त्यांना दहा रुपयांनी काय फरक पडणार. आणि त्यांच्यातले जे खरोखर तालुक्याची बातमी काढतात, ज्यांचा मालक, प्रकाशक, संपादक आणि गठ्ठे एसटीत चढवणारा हा एकच माणूस असतो, त्यांना तर वाचकाचे पूर्ण पैसे मिळण्याशिवाय दुसरा मार्गच नाही. भालेकर अशाच हिशोबात अडकले होते.

लाइन टाकायचो तेव्हा आम्ही पहाटे साडेचारला आप्पा बळवंत चौकात फुटपाथवर बसून पुरवण्या भरायचो. बोटं काळी व्हायची, थंडीत शाई गरम लागायची. आमचा एजंट तेव्हा सांगायचा, ज्या घराचं बिल महिना झाला तरी थकलंय त्या घरी पेपर आधी टाका, कारण तोच उशीर झाला की सगळ्यात आधी दारात येऊन ओरडतो.

असो. हे सगळं डोक्यात असतानाच गेल्या आठवड्यात आमचा पेपरवाला वर्षाच्या स्कीमचं पावतीपुस्तक घेऊन आला. मी त्याला म्हटलं, या वर्षी स्कीम नको, रोजची छापील किंमत लाव, पूर्ण. तो बघतच राहिला. म्हणाला, 'काका, तसं करता येतं, पण कशाला? वर्षाचे पाचशे वाचतात, वर तवा आहे. नॉनस्टिक.' मी म्हटलं तवा नकोय. मग मी त्याला १९६१ ची केस सांगायला सुरुवात केली, त्याला अजून चाळीस घरं करायची होती, तो बिचारा जिन्यात एक पाय खाली ठेवून ऐकत उभा. तेवढ्यात आतून आवाज आला, 'कोणती साइज आहे हो तव्याची?'

अठ्ठावीस सेंटिमीटर. परवा आला. आंबोळी चिकटत नाही.